पांढऱ्याला पांढरं

संस्थेच्या तळघरात जो उंदीरखाना होता, तिथे बत्तीस वर्षं नोकरी करणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणायचे. दारावरच्या पाटीवर 'प्राणिगृह' असं भारदस्त नाव होतं, पण उंदरांशिवाय आत दुसरा प्राणी नव्हता. मामा जन्मापासून पांढरे होते. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यासुद्धा पांढऱ्या, आणि कातडी अशी की दुपारी दहा मिनिटं उन्हात उभं राहिलं तर संध्याकाळी भाजल्यासारखी लाल व्हायची. डोळे फिकट, सारखे डावी-उजवीकडे हलणारे. शाळेत त्यांना पिठ्या म्हणत. फळ्यावरचं अक्षर त्यांना कधी दिसलंच नाही, आणि मास्तरांनी पोरगं आळशी आहे असं ठरवून टाकलं. त्यामुळे जे काही शिकले ते कानाने शिकले, आणि कानाने शिकलेलं माणूस जरा जास्तच घट्ट धरून ठेवतो.

उंदीरखाना त्यांना मानवला. पांढऱ्या उंदरांचे डोळे गुलाबी असतात, त्यांनाही प्रकाश सोसत नाही, म्हणून तिथले दिवे मंद असायचे. मामा सांगायचे, "सगळ्या गावात एकच जागा आहे जिथे माझ्या सोयीने दिवा लावतात, आणि ती सोयसुद्धा माझ्यासाठी नाही, उंदरांसाठी आहे." हसायचे पण. दिवसभर पिंजऱ्यांतला भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, कुठली मादी कुठल्या नराबरोबर ठेवली ते कार्डावर लिहायचं, पिल्लं तीन आठवड्यांची झाली की वेगळी करायची. कार्ड नाकाला लावून, खिशातलं भिंग त्यावर धरून मामा वाचत. एक अक्षर इकडचं तिकडे होत नसे. वरच्या मजल्यावरची शिकलेली माणसं पिंजऱ्याचा नंबर विसरली तर मामांना फोन करत.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिथल्या म्हाताऱ्या सरांनी मामांना रंगाचं शास्त्र समजावून सांगितलं होतं. केसांचा आणि कातडीचा रंग म्हणजे मेलॅनिन. तो बनवायची सूचना प्रत्येक जिवाला दोनदा मिळते, एक आईकडून आणि एक बापाकडून. त्यातली एक जरी धड असली तरी रंग तयार होतो. दोन्ही बिघडलेल्या असल्या की जीव पांढरा. म्हणून पांढऱ्या नराला पांढरी मादी दिली तर पिल्लं पांढरीच होणार, कारण धड सूचना द्यायला दोघांकडेही नाही. त्या खोलीपुरतं हे शंभर टक्के खरं होतं. त्या खोलीतले सगळे पांढरे उंदीर एकाच घराण्यातले होते, हे सरांनी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल आणि मामांनी तेवढं कानाआड केलं असेल. "पांढऱ्याला पांढरं, काळ्या दगडावरची रेघ," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्या विद्यार्थ्यांना सुनवायचे. विद्यार्थी वहीत लिहून घ्यायचे.

अर्ध्या हळकुंडाने माणूस पिवळा होतो म्हणतात. मामांनी त्या अर्ध्या हळकुंडावर संसार मोडला.

त्यांची बायको त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात भेटली होती. बाकावर शेजारी शेजारी बसलेले दोघंही फाइल नाकाला लावून वाचत होते, आणि दोघांनी एकाच वेळी मान वर केली. तीही तशीच, दुधासारखी पांढरी. एका मोठ्या रुग्णालयात फोनवर बसायची, आवाज ऐकून शंभर माणसं ओळखायची. लग्न ठरलं तेव्हा नातेवाइकांनी तोंडावर हात ठेवून हसून घेतलं, म्हणाले, घरात दिवा लावायला नको. पण दोघांचं छान जमलं. पडदे ओढून बसायचं, रस्त्यावर एकमेकांचा हात धरून चालायचं, पाटी वाचता आली नाही तर कुणाला विचारायचं यावरून भांडायचं. मामांच्या सबंध आयुष्यात सुखाची म्हणून जी दोन-अडीच वर्षं आहेत ती ही.

तिला दिवस गेले तेव्हा मामांनी गडद निळ्या कापडाचे जाड पडदे आणून लावले. येणारं मूल पांढरं असणार, त्याच्या डोळ्यांना त्रास नको. बाळ झालं, मुलगा. नर्सने दुपट्यात गुंडाळून आणला आणि मामांच्या पुढे धरला. डोकं भरून केस होते, काळेभोर, ओले, कपाळावर चिकटलेले.

मामांनी बाळ हातात घेतलं नाही. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि बाळाच्या डोक्यावर धरून पाहिलं. मग पापणी किलकिली झाली तेव्हा डोळा पाहिला. डोळाही काळा. नर्सला वाटलं बाप कौतुक करतोय.

संध्याकाळी ते बायकोच्या खाटेपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "हा माझा नाही."

तिला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, "अहो, बदलला असेल का? पण माझ्यासमोरच तर..."

"बदललेला नाही. तुझाच आहे. माझा नाही."

"काय बोलताय तुम्ही?"

"पांढऱ्याला पांढरंच होतं. मी रोज बघतो."

"मी काय उंदीर आहे?" ती म्हणाली. तिचा आवाज अजून चढला नव्हता. "रक्त तपासा. लागेल ते तपासा माझं. आत्ता तपासा."

"हातच्या काकणाला आरसा कशाला?"

मामांची आई खाटेच्या पायथ्याशी बसली होती. नातू मांडीवर घेऊन ती त्याचे केस पुसत होती. सासू म्हटली की सुनेवर तुटून पडणार, असं आपण धरून चालतो. ही म्हातारी मुलावर तुटून पडली. "मी काळी, तुझे वडील काळे, आणि तू असा झालास," ती म्हणाली. "तेव्हा लोकांनी मला नको नको ते विचारलं. तुझे वडील दारात उभे राहिले आणि म्हणाले, पोरगा माझा आहे, आता निघा. बाकी एक शब्द बोलले नाहीत."

"त्यांना शास्त्र माहीत नव्हतं," मामा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी बायको दवाखान्यातूनच भावाकडे गेली. आईने त्यानंतर मामांचा स्वयंपाक केला, कपडे धुतले, आजारपणात उशाशी बसली, पण आपणहून त्यांच्याशी कधी बोलली नाही. ती असेपर्यंत अठरा वर्षं घरात असंच चाललं. रविवारी ती बहिणीकडे जायची आणि संध्याकाळी परत यायची.

आणि मामा कामावर जात राहिले. हे काम दुसरं काही असतं, म्हणजे ते टपाल वाटत असते नाहीतर दारं रंगवत असते, तर कदाचित एखाद्या दिवशी मन द्रवलं असतं. माणूस एकटा पडला की स्वतःशीच वाद घालतो, आणि कधी कधी हरतो. पण मामांना हरायची सोय नव्हती. दर तीन आठवड्यांनी कुठली तरी पांढरी मादी व्यायची, पिल्लं गुलाबीची पांढरी व्हायची, आणि मामा पुन्हा बरोबर ठरायचे. शेकडो वेतं झाली. एकदाही चुकून काळं निघालं नाही. कुणा नवऱ्याला आपल्या संशयाचे इतके पुरावे मिळाले नसतील.

वय अठ्ठावन्न झालं. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना वरच्या मजल्यावर एक नवीन संशोधक बाई आल्या. तरुण, भरभर बोलणाऱ्या, तळघरात स्वतः उतरणाऱ्या. त्यांनी दुसऱ्या संस्थेतून पांढऱ्या उंदरांच्या चार जोड्या मागवल्या आणि मामांना सांगितलं, यातल्या माद्या आपल्या पांढऱ्या नरांबरोबर ठेवा. मामांनी ठेवल्या. मनात म्हणाले, पांढऱ्यात पांढरं घालून काय नवल निघणार आहे, पण शिकलेल्या माणसांना कामं पुरत नाहीत.

पहिली मादी व्याली. उंदराची पिल्लं जन्मतात तेव्हा सगळीच गुलाबी, बोटाच्या पेराएवढी. मामांना त्यात काही वेगळं दिसलं नाही. चौथ्या दिवशी भुसा बदलताना त्यांनी भिंग धरलं, आणि सातही पिल्लांची पाठ शाई सांडल्यासारखी निळसर-काळी झालेली दिसली.

पिंजरे धुवायला एक बाई होती, नऊ वर्षं तिथेच काम करणारी. मामांनी तिला बोलावलं.

"ही पिल्लं बघ."

"काळी आहेत," ती म्हणाली.

"आईबाप पांढरे आहेत. तू पिंजऱ्यांची अदलाबदल केलीस."

"मामा, मी त्या रांगेला हातसुद्धा लावला नाही."

"मग हे काळं आलं कुठून?"

"ते मला काय ठाऊक? उंदीर तुमचे, तुम्ही त्यांना विचारा."

याला मामांनी उद्धटपणा मानलं. त्यांनी कार्यालयात लेखी तक्रार दिली, आणि मामांचा शब्द म्हणजे संस्थेत दगडावरची अक्षरं, म्हणून दुसऱ्याच दिवशी त्या बाईला दुसऱ्या इमारतीत काचेच्या बाटल्या धुवायला पाठवलं. ती रडली नाही. जाताना एवढंच म्हणाली, "तुम्ही एकदा ठरवलंत की संपलं." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं, तर इथे चोरी झालीच नव्हती. संशयित वेत ठेवायचं नाही असा नियम होता. मामांनी सातही पिल्लं गॅसच्या पेटीत घातली, झाकण लावलं आणि कार्डावर लिहिलं, 'मिसळ झाल्यामुळे बाद.'

सोमवारी संशोधक बाई खाली आल्या, कार्ड वाचलं आणि वळल्या.

"मामा, पिल्लं कुठे आहेत?"

"बाद केली. काळी निघाली होती. पिंजरे धुणाऱ्या बाईने घोळ घातला."

"सगळी काळी होती?"

"काळीकुळकुळीत."

बाई तिथल्या स्टुलावर बसल्या. रागावल्या होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर आनंदही होता, आणि मामांना तोच समजेना. "ती काळीच व्हायला हवी होती," त्या म्हणाल्या. "त्यासाठीच तर मागवले होते ते उंदीर."

मग त्यांनी सांगितलं. रंग तयार करणं हे एका जनुकाचं काम नाही, पुष्कळ जनुकं मिळून करतात. त्यातलं कुठलंही एक बंद पडलं तरी जीव पांढरा दिसतो. "दोन बॅटऱ्या आहेत असं समजा मामा. एकीत सेल नाही, दुसरीत बल्ब नाही. दोन्ही अंधारच. बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच. पण हिचा बल्ब आणि तिचे सेल एकत्र आले की?"

मामांनी खिशातलं भिंग चाचपलं.

"लागते," बाई म्हणाल्या. "आपले पांढरे एका कारणाने पांढरे, आलेले पांढरे दुसऱ्या कारणाने. पिल्लाला दोन्हीकडून जे धड आहे ते मिळतं. मग ते काळं होतं."

"पण पांढऱ्याला पांढरं..."

"एकाच घराण्यात. तेवढंच."

मामांनी मान डोलवली, पण विश्वास ठेवला नाही. सत्तावीस वर्षांची इमारत एका बॅटरीने कशी पडेल? बाईंनी दुसरी मादी ठेवली तेव्हा मामांनी तो पिंजरा वेगळ्या खोलीत नेला, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. भुसा, पाणी, सगळं स्वतः केलं. एकोणीस दिवस दुसऱ्या कुणाची सावली तिथे पडू दिली नाही. मादी व्याली त्या सकाळी त्यांनी एकेक पिल्लू तळहातावर घेतलं आणि भिंगाखाली धरलं. जन्मतः गुलाबी असलं तरी जे काळं होणार असतं, त्याच्या मिटलेल्या पापणीखाली काळा ठिपका दिसतो. हे त्यांना माहीत होतं, इतक्या वर्षांत कधी बघायची वेळ आली नव्हती. आठ पिल्लं होती. सोळा ठिपके होते.

दुपारी ते जिना चढून बाईंकडे गेले. "माणसांतही असंच होतं का?"

"अगदी असंच. आईबाप दोघं पांढरे, आणि मुलाचे केस काळे. का हो?"

"सहज विचारलं. हा शोध नवा असेल."

"छे, जुना आहे. तुम्ही नोकरीला लागायच्या आधीपासून पुस्तकांत आहे. वाचायचंय? ग्रंथालयात मिळेल."

ग्रंथालय तिसऱ्या मजल्यावर होतं. बत्तीस वर्षांत मामा तिथे एकदाही गेले नव्हते. त्यांना सगळं माहीत होतं ना.

पिंजरे धुणाऱ्या बाईला परत आणलं ते संशोधक बाईंनी. मामांनी तिची माफी मागायची ठरवली आणि रोज उद्यावर ढकलली. कारण तिच्यापुढे तोंड उघडलं असतं तर पहिली माफी तिची नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बायको जिथे फोनवर बसायची त्या रुग्णालयातून तिचा पत्ता काढायला आठवडा लागला. रविवारी सकाळी ते गेले. दुमजली इमारत, तळमजल्याची दोन खोल्यांची जागा, खिडकीवर पडदे ओढलेले. दार तिनेच उघडलं. तिला माणूस नीट दिसायचा नाही, त्यांनाही नाही. मामा म्हणाले, "मी." आवाजावरून शंभर माणसं ओळखणाऱ्या बाईला तेवढं पुरे होतं. ती बाजूला झाली.

मामांनी सगळं पाठ करून आणलं होतं. सेल, बल्ब, दोन घराणी, आठ पिल्लं. ते बोलत होते आणि ती ऐकत होती. शेवटी ते म्हणाले, "मुलगा माझाच आहे. आता शंका उरली नाही."

"मला कधीच नव्हती," ती म्हणाली.

"माझं चुकलं."

"कुणी सांगितलं तुम्हाला चुकलं म्हणून? उंदरांनी?" ती म्हणाली. "मी सांगितलं होतं. तुमच्या आईने सांगितलं होतं. आमच्यावर नाही विश्वास बसला. उंदरांवर बसला. समजा ती पिल्लं पांढरी झाली असती, तर आज आला असतात?"

खोटं बोलायचा मामांनी विचार केला, पण खोटं बोलायलाही थोडी अब्रू शिल्लक लागते.

"आई दर रविवारी इथे यायच्या," ती म्हणाली. "नातू त्यांच्या अंगाखांद्यावर वाढला. तुम्हाला वाटायचं बहिणीकडे जातात. मरायच्या आधी मला म्हणाल्या, तो येईल, पण वरातीमागून घोडं येईल तसा येईल."

"त्याला काय सांगितलंस? माझ्याबद्दल?"

"तुम्हीच जे सांगितलंत ते. तो सात वर्षांचा होता तेव्हा विचारलं त्याने, माझे बाबा कोण? मी म्हटलं, ज्यांच्याशी माझं लग्न झालं ते म्हणतात ते तुझे बाबा नाहीत. तुमचा शब्द मी खाली पडू दिला नाही."

मामा म्हणाले, "मी सांगू त्याला?"

"सांगा. मी अडवत नाही. पण अर्धं सांगायचं नाही. तुम्हाला अर्धं सांगायची सवय आहे. भिंग काढून कसं बघितलंत, तिथपासून सांगायचं, आणि आज कशासाठी आलात तेही."

तेवढ्यात दार वाजलं आणि तो आत आला. उंच, सावळा, दाट काळे केस, हातात भाजीची पिशवी. तो शिवणयंत्रं दुरुस्त करायचा, बोटांना तेलाचा वास होता. "आई, कोण आलंय?"

"जुन्या ओळखीचे आहेत," ती म्हणाली. "डोळ्यांच्या दवाखान्यात भेटायचो आम्ही. निघालेत आता. ऊन झालंय, त्यांना बसथांब्यापर्यंत सोडून ये."

रस्त्यावर दहाचं ऊन तापलं होतं. मामांना पांढऱ्या झगझगीत उजेडापलीकडे काही दिसेना. मुलाने काही न विचारता त्यांच्या कोपराला धरलं, ओढलं नाही, नुसता हात लावून ठेवला. मग तो त्यांच्या दुसऱ्या बाजूला आला.

"काका, तुम्ही भिंतीकडून चाला. ऊन या अंगाला आहे, माझी सावली पडेल तुमच्यावर. आईला असंच नेतो मी."

मामा त्याच्या सावलीत चालू लागले. मुलगा चालताना बोलत होता: आता खड्डा आहे, आता दोन पायऱ्या, आता सायकली लावल्यात. आवाज मामांच्या वडिलांसारखा होता, जरा खालच्या पट्टीतला, घाई नसलेला. सांगायला थांब्यापर्यंतचा रस्ता होता, आणि मामांनी मनात सुरुवात तीनदा केली. प्रत्येक वेळी ते भिंगापर्यंत पोचले आणि तिथेच अडकले.

थांब्यावर मुलाने त्यांना पत्र्याच्या आडोशाला उभं केलं. "काका, तुम्हाला मुलं किती?"

बस लांबून येताना ऐकू आली.

"मूल नाही," मामा म्हणाले.

"मग घरी कोण असतं?"

"कुणी नाही."

मुलाला वाईट वाटलं असावं. त्याने मामांना दंडाला धरून बसमध्ये चढवलं, खिडकीपासून दूरची सीट बघून बसवलं, आणि उतरण्याआधी कंडक्टरला सांगितलं, "यांना नीट दिसत नाही हो. यांचा थांबा आला की हाक मारा."